म्हातारीले ग्राफ समजला

सरांना ‘अचानक’ या शब्दाचा राग होता. स्टाफरूममध्ये पेपर आला की ते आधी खिशातून लाल पेन काढत. अचानक दरड कोसळली, अचानक भिंत खचली, खाणीत अचानक छत खाली आलं, अशी बातमी दिसली की तेवढा एकच शब्द खोडायचा आणि पेपर शेजाऱ्याकडे सरकवायचा.

“अचानक काई होत नाई, मॅडम,” ते मला म्हणत. “आपल्याले अचानक समजते.”

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात खाणकाम शिकवायचा विभाग होता आणि त्याच्या मागे पत्र्याच्या छपराखाली दगड तपासायची प्रयोगशाळा. मी तिथे शिकवायला लागले तेव्हा सर पन्नाशीत होते आणि प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. ते भद्रावतीला राहत. पहाटे उठून, बुद्धवंदना म्हणून, पहिल्या एसटीने येत. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली माणूस भाजून निघायचा, पण सर बाहेर येत नसत. त्यांच्या शर्टच्या खिशात कायम दगडाची कपची असायची. बायको धुण्याआधी खिसे तपासायची आणि सापडलेल्या कपच्या मोगऱ्याच्या कुंडीत टाकायची. ती कुंडी मी पाहिली आहे. मोगरा कमी आणि दगड जास्त.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्याजवळ बसणं ही परीक्षाच होती. ते पापड हातात धरून मधोमध अंगठा टेकवायचे आणि शेजाऱ्याला विचारायचे, “कुठी तुटन, सांगा.” शेजारी काहीतरी सांगायचा. मग सर आपलं उत्तर सांगायचे आणि दाबायचे. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर यायचं. पापड उजेडात धरला की त्यातला कच्चा भाग दिसतो, हे त्यांचं गुपित. ते त्यांनी मला नंतर सांगितलं. पण एखाद्याने उलट विचारलं, “सर, कधी तुटन?” की ते हसायचे. “कुठी तुटन थे सांगतो. कधी, थे नोका विचारू.”

खरं म्हणजे ते आयुष्यभर तेच शोधत होते. कधी.

मुलं प्रयोगशाळेत येत ती एक साधी चाचणी करायला. दगडातून कापलेला दंडगोल यंत्रात उभा करायचा, वरून दाब वाढवत न्यायचा, फुटला की आकडा लिहायचा. दहा मिनिटांत मोकळे. सरांची चाचणी वेगळी होती. दगड फुटायच्या थोडं अलीकडे ते दाब थांबवत आणि यंत्र तसंच ठेवून देत. दगड तेवढ्या भाराखाली उभा राही. कधी तासभर, कधी आठवडा. आणि मग, कोणी काही न करता, फुटे. एकाच खडकातून शेजारीशेजारी कापलेले दोन तुकडे असले तर एक सकाळीच जायचा आणि दुसरा महिनाभर हलायचा नाही. सर त्या दुसऱ्या तुकड्यासमोर स्टूल टाकून बसत. एका दिवाळीच्या सुट्टीत ते रोज भद्रावतीहून येऊन असे बसले होते. एक दिवस समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले आणि परत आले तर दगड दोन तुकड्यांत पडलेला. त्यानंतर त्यांनी टपरीवर जाणं सोडलं. थर्मास आणू लागले.

दगडाला ते छोटे कान लावत. कान म्हणजे चिकटवायचे सेन्सर. आत बारीक तडा गेला की त्याचा ठोका पकडणारे. सरांनी ते एका जुन्या स्पीकरला जोडले होते. वर्ग शांत करून ते यंत्र सुरू करत. आधी बराच वेळ काही नाही. मग टक. मग पुन्हा काही नाही. मग टक, टक. मग ठोके एकमेकांच्या अंगावर पडायला लागत आणि दगड फुटे. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा त्या वेळी श्वास धरून असायची.

“बोलून राह्यला होता,” सर म्हणत. “आपन ऐकलं, पन आपल्याले भाषा नाई येत.”

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही परीक्षेचे पेपर तपासता तपासता, मान वर न करता. तरुणपणी ते एका भूमिगत कोळसा खाणीत नोकरीला होते. तिथे छताला लाकडी खुंट लावत. लाकूड मोडायच्या आधी करकरतं, तेवढ्यात माणसं पळतात. त्या दिवशी खुंट करकरले नाहीत. वरच्या वालुकाश्मातून मात्र बराच वेळ बारीक आवाज येत होता, नखाने काच खरवडल्यासारखा. सरांनी तो ऐकला होता. शेजारच्या सोबत्याला त्यांनी विचारलंही होतं, “हे काय वाजते रे?” तो म्हणाला, काही नाही, आणि दोन पावलं पुढे गेला. छत त्याच्यावर आलं.

एवढं सांगून सरांनी पुढचा पेपर घेतला.

असा हा माणूस, आणि एके वर्षी तहसील ऑफिसातून कॉलेजला पत्र आलं. अहेरीच्या पुढे जंगलात एका गावाच्या डोक्यावर वालुकाश्माचा मोठा कडा आहे, त्याला भेग पडली आहे, तरी तज्ज्ञाने पाहणी करून अहवाल द्यावा. प्राचार्यांनी सरांना पाठवलं आणि मदतीला मला.

एसटी सोडल्यावर पुढे बरंच चालावं लागलं. गाव माडिया लोकांचं. एक नाला, नाल्याच्या अलीकडे कड्याच्या पायथ्याशी काही घरं, बाकीची पलीकडे पांगलेली. कडा काळाकुट्ट. त्याच्या पुढच्या भागात एक उभी फळी सुटत आलेली दिसत होती, आणि मागच्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. गावचा पुजारी आमच्यासोबत वर चढला होता. त्याने चप्पल खालीच काढली होती, कारण कड्यावर त्यांचे देव होते. सरांनीही काढली. तापलेल्या दगडावर ते अनवाणी तासभर फिरले आणि खाली आल्यावर पायाचे फोड बघत मला म्हणाले, “अहवालाचं काम नोहे हे. येत राहावं लागन.”

आणि ते येत राहिले. अहवाल महिन्याभरात गेला. त्याचं पुढे काही झालं नाही. सर मात्र दर पंधरवड्याला स्वतःच्या तिकिटाने जात. भेगेच्या दोन्ही काठांना त्यांनी खिळे बसवले आणि त्यांच्यातलं अंतर मोजू लागले. भेगेवर सिमेंटने काचपट्ट्या आडव्या चिकटवल्या. भेग केसभर हलली तरी काच तडकते. पहिल्या पावसात दोन काचा तडकल्या. दुसऱ्या खेपेला सगळ्या.

पायथ्याशी अगदी पहिलं घर चैतीबाईचं होतं. तिचं वय तिला माहीत नव्हतं. नवरा गेलेला, लेक सोमी नाल्यापलीकडे दिलेली. चैतीबाई सगळ्यांना ‘तू’ म्हणायची, तहसीलदारालाही म्हणाली होती. सर कड्यावरून उतरले की ती त्यांना पेज द्यायची आणि समोर बसून ते पिताना बघायची.

“काय म्हनते दगड?” ती विचारायची.

“बोलून राह्यला, बाई.”

“मले तं काई ऐकू नाई येत.”

“मलेबी कमीच येते,” सर म्हणायचे.

श्रावणात भेग जोरात रुंदावू लागली. सरांनी कागदावर आलेख काढला. भेग एक मिलिमीटर रुंदावायला किती दिवस लागतात ते मांडायचं. वेग वाढत चालला असला तर दिवस कमी होत जातात, रेघ खाली खाली येते, आणि ती जिथे तळाला टेकेल तो दिवस फुटण्याचा. जगभर लोक असं करतात, त्यात जादू नाही. सरांची रेघ पोळ्याच्या आधी टेकत होती.

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘कधी’ सांगितलं. गाव जमलं होतं. सरांनी चुन्याने जमिनीवर रेघ ओढली: दगड आला तर इथपर्यंत येईल, त्याच्या पलीकडे नाही. नाल्याच्या त्या अंगाला उंचवट्यावर जागा दाखवली. लोकांनी आपसांत गोंडीत बराच वेळ बोलून घेतलं आणि पायथ्याची घरं उठायला लागली. बांबू, ताडपत्री, कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन माणसं नाला ओलांडत होती. चैतीबाई उठली नाही.

“मी इथीच मरन,” ती म्हणाली. “तुले काय करायचं?”

त्या खेपेला मी सोबत होते. सरांनी तिला समजावलं, सोमीने समजावलं, पुजाऱ्याने समजावलं. शेवटी सर तिच्या अंगणात एका ओंडक्यावर बसले.

“तू नाई उठत तं मीबी नाई उठत,” ते म्हणाले. मी त्यांना कोणाशी ‘तू’ने बोलताना त्या दिवशी प्रथम ऐकलं.

तिने पेज आणून ठेवली. त्यांनी हात लावला नाही. दुपार गेली, संध्याकाळ झाली. मी सोमीकडे झोपायला गेले. सकाळी येऊन बघते तर सर तिथेच, डोळे लाल झालेले, पेजेचं भांडं भरलेलं. आता ते काटकीने मातीवर आलेख काढत होते. “हे पाय, बाई. इथून इथी आला. आता असा जाऊन राह्यला. आन इथी टेकन.” चैतीबाई उकिडवी बसून बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग उठली, आत गेली, टोपली डोक्यावर घेऊन बाहेर आली आणि नाल्याकडे चालू लागली.

परतीच्या एसटीत सरांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. “म्हातारीले ग्राफ समजला, मॅडम,” ते म्हणाले. “आपल्या सेकंड इयरले नाई समजत.” पुढे कित्येक दिवस ते हे सांगत राहिले. प्राचार्यांना, एसटीच्या कंडक्टरला, वर्गात मुलांना. मातीवर काटकीने काढलेला आलेख एका न शिकलेल्या बाईला कळला, आणि ती घर सोडून उठली, ही गोष्ट त्यांना सगळ्या यंत्रांपेक्षा मोठी वाटत होती.

पोळा आला आणि गेला. कडा उभा होता.

सर गणपतीच्या सुट्टीत गेले, दसऱ्याला गेले. भेग मंदावली होती. आलेखाची रेघ तळाजवळ येऊन पुन्हा वर वळली होती. असं होतं, प्रयोगशाळेतही कित्येकदा झालं होतं. पण प्रयोगशाळेत दगडाखाली कोणाचं घर नसतं. कॉलेजात काही लोक त्यांना नमस्कार करून विचारू लागले, “काय सर, पडला का?” सर मान हलवून पुढे जात. मला त्यांनी एकदा विचारलं, “मॅडम, थो पडावा असं मले वाटते. हे बरं हाये का?” मी म्हटलं, तसं वाटणं साहजिक आहे. ते म्हणाले, “साहजिक हाये. पन बरं हाये का?”

दिवाळीनंतर धान कापून झालं आणि पायथ्याची माणसं एकेक करून आपल्या घरी परतू लागली. ताडपत्रीखाली किती दिवस राहणार? सरांनी त्यांना थांबा म्हटलं, पण या वेळी त्यांच्याकडे तारीख नव्हती. पुजारी नम्रपणे म्हणाला, “सर, तुमी मागंबी सांगितलं होतं.” सगळे परत गेले. एकटी चैतीबाई गेली नाही. तिने नाल्यापलीकडे उंचवट्यावर छोटी झोपडी नीट उभी केली होती, मातीने लिंपून घेतली होती.

“तू सांगशीन तवा जाईन,” ती सरांना म्हणाली.

आणि सर सांगू शकले नाहीत. खिळ्यांमधलं अंतर अजून किंचित वाढत होतं. “अजून थोडे दिवस, बाई,” ते प्रत्येक खेपेला म्हणायचे.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत, भर दुपारी, कडा फुटला. पाऊस नव्हता, वारा नव्हता. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी टेकडीवर चढून, रेंज मिळवून कॉलेजात फोन केला. सर प्रयोगशाळेत होते. प्राचार्यांनी बोलावून त्यांना बातमी सांगितली. ती सांगताना प्राचार्य ‘अचानक’ म्हणाले, आणि सरांनी काही दुरुस्त केलं नाही.

आम्ही पोहोचलो तोवर चैतीबाईची माती झाली होती.

समोरची ती फळी, जिच्यावर सरांनी खिळे ठोकले होते, जिच्यासाठी गाव हललं होतं, ती जशीच्या तशी उभी होती. फुटला होता तो बाजूचा भाग. तिथे एक जुना उंबर होता आणि त्याच्या मुळांनी दुसरी भेग झाकून टाकली होती. काळ्या कड्याला तिथे पिवळा, ताजा, ओलसर दिसणारा खड्डा पडला होता. दगड खाली पायथ्याच्या घरांवर आले नव्हते. ते तिरके उतरून नाल्यात पडले, नाल्याच्या उतारावरून घरंगळले, आणि त्यातला एक मोठा पलीकडच्या उंचवट्यावर चढून चैतीबाईच्या झोपडीतून गेला. ती दारात फुलं वाळत घालत होती. पायथ्याला परतलेल्या घरांतल्या कोणाला खरचटलंही नाही. तिचं जुनं घर, कुडासकट, जागेवर होतं.

सर वर चढून, खड्ड्याच्या काठावर तगलेल्या उंबराखाली गेले, मुळं बाजूला करून बघितली, खाली आले आणि चुन्याची रेघ जिथे होती तिथे उभे राहिले. रेघ पावसातच पुसली होती. ते कोणाची तरी वाट बघत होते, असं मला वाटलं. कोणीतरी येऊन शिवी द्यावी, अंगावर धावून यावं. कोणी आलं नाही. पुजाऱ्याने आमच्यासाठी बाज टाकली, चहा केला. म्हणाला, “दगड कोनाले विचारून नाई पडत, सर.” सोमी घरात होती, ती त्या दिवशी बाहेर आली नाही.

कॉलेजात परत आल्यावर आमच्याच विभागातला एक जण, वाईट माणूस नव्हे, सरांना धीर द्यायला म्हणून म्हणाला, “अंदाज चुकला तं चुकला सर, डेटा तं भेटला.” त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सर त्याच्याशी बोलले नाहीत. यंत्रात एक दगड दाबाखाली ठेवलेला होता. सरांनी दाब काढून घेतला, दगड बाहेर काढून खिडकीत ठेवला आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्या टेबलावर आणून दिली.

नंतर त्यांच्या बोलण्यातून पुढचा काळ निघून गेला. ते ‘उद्या भेटू’ म्हणत नसत. एसटी किती वाजता आहे विचारलं तर “असन काईतरी” म्हणत. निवृत्तीनंतर मी फोन करून विचारलं, “रविवारी येऊ का?” तर म्हणाले, “याल तवा या.” जवळच्या खाणीतून एकदा त्यांना सल्ल्यासाठी बोलावणं आलं. ते गेले नाहीत. त्यांची बायको मला म्हणाली, “मॅडम, आता पापडबी चुरून खातात.”

पण गावाला जाणं त्यांनी सोडलं नव्हतं. हे मला शेवटच्या भेटीत कळलं. वर्षातून एकदा, मोहफुलांच्या दिवसांत, ते सोमीकडे जाऊन येत. पहिली दोन वर्षं ती त्यांना बसायला देई आणि कामाला निघून जाई. तिसऱ्या वर्षी ती समोर बसली.

ही भेट भद्रावतीला त्यांच्या घरी झाली. सर आजारी होते, आवाज बारीक झाला होता, तरी त्यांनी सगळं नीट सांगितलं. सोमीशी बोलताना ते म्हणाले होते, तुझ्या आईला ग्राफ समजला होता, म्हणून ती उठली. माझा ग्राफच चुकला. माफी मागायला गेलेला माणूस जे म्हणेल तेच सर म्हणाले होते. सोमीला आधी कळेचना. ग्राफ म्हणजे काय, तिने विचारलं. सरांनी मातीवरच्या रेघा म्हणून सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, “आईले त्या रेघा नाई समजल्या, सर. तुमी उपाशी बसले होते म्हनून उठली थे. अंगनात मानूस उपाशी बसला तं घरात कशी राहीन, म्हने.”

सर म्हणाले, “आन मंग सगळे वापस गेले तवा?”

“मी म्हनलं ना तिले, चाल आता घरी,” सोमी म्हणाली. “तं म्हने, नाई. मी गेली तं मास्तर पुन्हा येऊन उपाशी बसन.”

आतून त्यांची बायको त्यांना औषधासाठी हाक मारत होती. त्यांनी ती ऐकली नाही, किंवा ऐकून घेतली नाही.

“इतकी वर्षं मी हिशोब तपासून राह्यलो, मॅडम,” ते म्हणाले. “भेग तपासली, मुळं तपासली. हिशोबानं मेली अस्ती तं हिशोब दुरुस्त केला अस्ता.”